मार्गाधिकार, सेवावाहिन्यांचा (नंदुरबार जिल्हा)
सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीत तारा, खांब वा नळ बसविण्याचा व त्यांसाठी रस्ता खोदण्याचा अधिकार. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, शहादा, तळोदे व नवापूर या शहरांतील सार्वजनिक रस्ते, शासनाचे रस्ते वगळता, १९६५ च्या राज्य अधिनियमानुसार नगरपरिषदांकडे निहित आहेत. त्यांखालून पाण्याचे नळ नगरपरिषदा स्वतः टाकतात; दूरसंचाराच्या तारांबाबत मात्र केंद्रीय कायदा निर्णायक ठरतो. भारतीय तार अधिनियम, १८८५ नुसार स्थानिक संस्थेच्या मालमत्तेत तारा टाकण्यास तिची परवानगी लागे. खर्चाची भरपाई, कामाची वेळ व पद्धत यांविषयी तिला अटी घालता येत. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी ही परवानगी मुदतबद्ध केली : साठ दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाल्याचे मानले जाई. दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. मुदतीच्या बंधनामुळे अक्कलकुवा, धडगाव यांसारख्या सातपुड्यातील दुर्गम भागांत संदेशवहन पोहोचविणे सुकर होते. तथापि अर्ज वेळेत तपासण्यास व खोदलेला रस्ता पूर्ववत करून घेण्यास पुरेसा तांत्रिक कर्मचारीवर्ग नसल्यास लहान नगरपरिषदेचा अटी घालण्याचा अधिकार नाममात्र उरतो.