आळ डुकरावर

इ.स.पू. ४२४ मध्ये अथेन्सला ॲरिस्टोफेनीसचं 'नाइट्स' हे प्रहसन रंगमंचावर आलं. त्यात एक पात्र दुसऱ्याला दम भरतं, की तुझा जबडा खुंटी घालून उघडीन आणि खाटीक डुकराची बघतात तशी तुझी जीभ बघीन. हा विनोद कोणाला समजावून सांगावा लागला नसणार. डुकराच्या जिभेखाली पाणीदार फोड दिसले की मांसातही ते असतात, हे गिऱ्हाइकाला माहीत होतं. पुढे ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात या फोडांची नोंद केली आणि त्यांना गारांची उपमा दिली.

दुसरीकडे माणसाच्या पोटातून पडणारी लांबच लांब पांढरी फीतही जगाला जुनीच ओळखीची. चरकाने कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. डाळिंबाच्या मुळाची साल उकळून ही फीत पाडण्याचा उपाय आपल्याकडे होता तसा युरोपातही होता. त्या सालीतलं औषधी द्रव्य १८७८ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ ताँरे याने वेगळं काढलं. पण जिभेखालच्या गारा आणि पोटातली फीत ही एकाच जिवाची दोन वयं आहेत, हे कळायला ॲरिस्टॉटलनंतर दोन हजारांहून जास्त वर्षं जावी लागली.

ही फीत म्हणजे पट्टकृमी. लिनीअसने १७५८ मध्ये त्याला 'टीनिया सोलियम' हे नाव दिलं. तो माणसाच्या लहान आतड्यात राहतो, सहसा दोन ते चार मीटर वाढतो. तोंड नाही, पोट नाही. आपण पचवलेलं तो अंगभर शोषून घेतो. टाचणीच्या टोकाएवढ्या डोक्यावर चार चूषक आणि आकड्यांची दुहेरी कडी असते, तिच्या जोरावर तो आतड्याला घट्ट धरून राहतो. मागे हजारभर खंडांची माळ. शेवटचे पिकलेले खंड तुटून शौचावाटे बाहेर पडतात आणि एकेका खंडात पन्नास हजारांपर्यंत अंडी असतात. ती डुकराच्या पोटात गेली, की सहा आकड्यांचा भ्रूण सुटतो, आतडं भेदून रक्तात शिरतो आणि स्नायूंत जाऊन बसतो. दोन-तीन महिन्यांत त्याचा फोड होतो. आत पाणी आणि उलटं दुमडलेलं डोकं. ते मांस कच्चंपक्कं खाल्लं, की डोकं बाहेर येतं आणि माणसाच्या आतड्यात नवी फीत सुरू.

१७८४ मध्ये योहान गोत्झे या जर्मन धर्मोपदेशकाने डुकरातले फोड उघडून पाहिले. आतलं डोकं माणसाच्या पट्टकृमीसारखंच दिसतं हे त्याने लिहून ठेवलं, पण लोकांनी ते मनावर घेतलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरसुद्धा सीबोल्डसारखा नामांकित प्राणिशास्त्रज्ञ म्हणत होता, की फोड म्हणजे वाट चुकलेले, पाणी भरून सुजलेले बिघडके कृमी. हे फ्रीडरिश क्यूखेनमाइस्टर या डॉक्टरला पटेना. निसर्ग एवढा नेमका अवयव केवळ चुकून घडवील कसा, असा त्याचा सवाल होता.

सवाल चांगला होता, पण तो सोडवण्याची त्याची रीत आज वाचतानाही अंगावर येते. देहदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याला त्याने, त्याच्या नकळत, अन्नातून डुकरातले फोड खाऊ घातले. शिक्षा अमलात आल्यावर शवविच्छेदन केलं, तेव्हा आतड्यात नुकतेच चिकटलेले कोवळे पट्टकृमी सापडले. हे त्याने १८५५ मध्ये प्रसिद्ध केलं. पण कृमी फारच लहान होते, म्हणून शंकेखोर गप्प बसले नाहीत. मग काही वर्षांनी दुसरा कैदी: दोन खेपांत मिळून चाळीस फोड, मध्ये काही महिन्यांचा अवधी आणि शेवटी एकोणीस कृमी, त्यातले काही चांगले वाढलेले. विज्ञान सिद्ध झालं. त्या माणसाला विचारावं असं कोणाला वाटलं नाही. तेव्हाही क्यूखेनमाइस्टरवर टीका झाली, आणि ती योग्यच होती असं मला वाटतं.

चक्राची दुसरी बाजू बेल्जियमच्या व्हान बेनेडेनने तपासली. त्याने डुकराला कृमीची अंडी खाऊ घातली. मांसात फोड आले. इथे खरं तर डुकरावरचा आळ उतरायला हवा होता. डुक्कर आजारी पडतं ते माणसाच्या विष्ठेमुळे. माणसाच्या आतड्याशिवाय या कृमीला प्रौढ होता येत नाही, अंडी घालता येत नाहीत.

आणि हे नातं डुक्कर पाळण्याच्याही आधीचं निघालं. २००१ मध्ये एरिक होबर्ग आणि सहकाऱ्यांनी टीनिया कुळाची वंशावळ मांडली. डुकराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कृमीचा जवळचा भाऊबंद आफ्रिकेतल्या तरसात सापडला, आणि गाईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्याचा सिंहात. अर्थ असा, की आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात आपले पूर्वज तरस-सिंहांच्याच शिकारीवर हात मारू लागले, तेव्हा हरणांच्या मांसातून हे कृमी त्यांच्या पोटात आले. डुक्कर माणसाळलं ते साधारण दहा हजार वर्षांपूर्वी. आपण त्याला गोठ्यात आणलं आणि आपला जंत त्याच्या पदरात टाकला.

हा इतिहास कळूनही डुक्कर खाल्लं की मेंदूत किडा जातो ही समजूत मात्र हलत नाही. फोडाचं मांस खाल्लं तर पोटात फीत होते. बहुतेकांना तिचा फारसा त्रासही होत नाही. मेंदूत फोड होतो तो अंडी पोटात गेली तर, म्हणजे माणूस डुकराच्या जागी गेला तर. आणि अंडी येतात पट्टकृमी असलेल्या दुसऱ्या माणसाच्या न धुतलेल्या हातांवरून, मैलापाण्यावरच्या भाजीवरून, नाहीतर स्वतःच्याच बोटांवरून. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या चार रुग्णांची हकिकत छापून आली. सगळे कर्मठ ज्यू, डुकराला शिवतही नसत. त्यांच्या घरी कामाला लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसं होती, आणि त्यांच्यापैकी एकाच्या पोटात पट्टकृमी निघाला.

आपल्याकडे याचीच आवृत्ती म्हणजे कोबी. कोबीतला किडा डोक्यात जातो म्हणून कोबी वर्ज्य केलेली कितीतरी घरं असतील. कोबीत हमखास दिसते ती पतंगाची अळी. तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पट्टकृमीची अंडी डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि ती कोथिंबिरीवर किंवा मुळ्याच्या पाल्यावरही तितकीच असू शकतात. शिजवल्यावर मरतात. जपायचं ते कच्च्या कोशिंबिरीला.

मेंदूतला जिवंत फोड अनेकदा वर्षानुवर्षं गप्प असतो, कारण तो शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवतो. तो मरू लागला की सूज येते आणि फिट येते. भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना मायदेशी काही वर्षांनी झटके येऊ लागले, ते यामुळेच. १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम यांनी अशा ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतात सीटी स्कॅन आला तेव्हा फिट येणाऱ्यांच्या मेंदूत एकच छोटी गाठ वारंवार दिसू लागली. क्षयाचा देश, म्हणून क्षयाची औषधं सुरू व्हायची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चंडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या, तर बहुतेक मरू घातलेले कृमीचे फोड निघाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हे प्रसिद्ध झालं आणि कितीतरी रुग्णांची क्षयाच्या गोळ्यांतून सुटका झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हा कृमी जिथे मुरलेला आहे तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो.

चक्र मोडायचं तर डुक्कर आणि माणसाची विष्ठा यांची गाठ पडू द्यायची नाही. गोव्यात जुन्या घरांमागे संडासाखालीच डुकरं असत. ती पद्धत सरत गेली. पेरूच्या तुंबेस भागात माणसांना जंताचं औषध, डुकरांना औषध आणि लस असं सगळं एकदम देऊन बहुतेक गावांत संसर्ग थांबवता आला. ती लस मेलबर्नच्या मार्शल लाइटॉवलर्स यांच्या प्रयोगशाळेतली, आणि बाजारासाठी ती बनते हैदराबादला, इंडियन इम्युनॉलॉजिकल्समध्ये. डुकराला दोनदा टोचावी लागते, सोबत ऑक्सफेन्डाझोल द्यावं लागतं. अडचण विज्ञानात नाही, हिशोबात आहे. फोड असलेलं डुक्कर सहसा धडधाकट दिसतं, वजनही बरं भरतं. अशा जनावरावर खर्च करून पाळणाऱ्याला भाव एक रुपयाही जास्त मिळत नाही. फायदा होतो तो शेजारपाजारच्या कोणा न पाहिलेल्या माणसाच्या मेंदूचा, आणि त्याचे पैसे कोण देणार हे बहुतेक सरकारांनी अजून ठरवलेलं नाही.