कंठावरील खूण

इतिहास हा ताम्रपटांत, शिलालेखांत आणि दफ्तरांच्या रुमालांत सांठविलेला असतो, अशी आम्हां अध्यापकांची समजूत असते. तो माणसाच्या कातडीवरहि लिहिलेला असतो, हें आम्हांस आमच्या एका विद्यार्थ्यानें गेल्या पावसाळ्यांत शिकविलें.

हा मुलगा बुलढाणा जिल्ह्यांतला, सातपुड्याच्या पायथ्याशीं जळगांव-जामोदकडील एका खेड्यांत राहणारा. पहांटे उठून रोज धांवतो, कारण त्यास सैन्यांत जावयाचें आहे. एके दिवशीं तो आमच्या घरीं आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि मोबाइलमधलीं चार चित्रें पुढें करून म्हणाला, "सर, तुम्ही इतिहासाचे. यांतलें कोणतें गळ्यावर शोभेल तें सांगा." गळ्यावर म्हणजे मागें मानेवर नव्हे, अगदीं समोर, कंठमण्यावर. चार चित्रें अशीं होतीं: छत्रपति शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा, त्रिशूळ, पंख पसरलेली पाकोळी, आणि 'आई' हीं दोन अक्षरें.

आमच्या ओठांवर आलेला पहिला शब्द रागाचा होता. तो आम्हीं गिळला, कारण त्याच क्षणीं आम्हांस आमच्या मातोश्रींची हनुवटी आठवली. तिच्यावर तीन हिरवट ठिपके होते. आम्ही कॉलेजांत असतांना शहरांतले मित्र घरीं आले, तेव्हां ते ठिपके पाहून ते काय म्हणतील याची आम्हांस लाज वाटली होती. ती लाजच आतां आम्हांस लाजविते. म्हणून मुलास "आठ दिवसांनीं ये" एवढेंच सांगितलें, आणि त्या आठ दिवसांत जें वाचलें व आठवलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

वऱ्हाडांत गोंदणें हा मुख्यतः बायकांचा विषय. चारदोन सुया एकत्र बांधून, काजळींत झाडपाल्याचा रस कालवून, गोंदणारी बाई ओसरीवर बसे. गोंदून झालें कीं वर हळद लावी. कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर तुळस, मोर, विंचू, लक्ष्मीचीं पावलें, नाहींतर नुसते ठिपके. सातपुड्यांतल्या कोरकू बायकांच्या कपाळावरील रेघा तर दुरूनहि ओळखूं येत. सोनेंनाणें येथेंच राहतें, गोंदण तेवढें मेल्यावर बरोबर येतें, ही त्यामागची श्रद्धा. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातीजमातींवर १९१६ मध्यें चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत गोंदण्याच्या पुष्कळ हकीकती सांपडतात. पुरुषाचा वांटा यांत लहान. तालमींत जाणाऱ्यानें दंडावर मारुति काढावा, यात्रेंत हौशी गड्यानें मनगटाजवळ स्वतःचें नांव घालून घ्यावें. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांच्या हातांवर 'जय भीम' हीं अक्षरें उमटलीं. दंड, मनगट, पोटरी हीच पुरुषाची पाटी. हें केवळ आपल्याकडेंच नव्हे. ब्रिटिश म्युझियममधील पांच हजार वर्षांपूर्वींच्या एका मिसरी पुरुषाच्या शवावर रानबैल आणि रानमेंढा गोंदलेले आहेत, असें २०१८ मध्यें उजेडांत आलें. तीं चित्रेंहि दंडावरच आहेत.

मग गळा मोकळा कां राहिला? तो मोकळा नव्हताच. आमच्या समाजानें कंठ हा घालावयाच्या आणि काढावयाच्या वस्तूंसाठीं राखून ठेविला होता. वारकऱ्याची तुळशीची माळ, गोंधळ्याची कवड्यांची माळ, लेंकराचा ताईत, नवसाचा गंडा, हें सारें गळ्यांत येतें. माळ घालणें म्हणजे व्रत घेणें. पथ्य मोडलें तर माळ उतरवावी लागते. म्हणजे गळ्यांतली माळ ही रोज पाळावयाच्या वचनाची खूण आहे, आणि तें वचन मोडतां येतें म्हणूनच तिला मोल आहे. कपाळावरचा गोपीचंदनाचा टिळाहि रोज धुऊन जातो आणि रोज नव्यानें लावावा लागतो. माध्व वैष्णव तापविलेल्या शंखचक्रांच्या मुद्रा अंगावर उमटवून घेतात खऱ्या, पण त्याहि कालांतरानें फिक्या पडतात आणि पुन्हां घ्याव्या लागतात.

जेथें झांकतां येत नाहीं अशा जागीं कायमची खूण कोणी व कां धारण केली, हें पाहूं लागलों तेव्हां तीन उदाहरणें डोळ्यांसमोर आलीं.

पहिलें दुःखाचें आहे. कंपनी सरकारच्या बंगाल इलाख्यांत १७९७ पासूनच्या कायद्यांनीं कांहीं गुन्हेगारांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्याची शिक्षा घालून दिली. या शिक्षेचें नांवच 'गोदना'. ती १८४९ मध्यें रद्द झाली. ज्यांच्या कपाळीं अक्षरें आलीं ते पागोटें भुंवयांपर्यंत ओढून तीं झांकीत. बायकांनीं श्रद्धेनें घेतलेल्या खुणेचेंच नांव सरकारनें बेडीसाठीं उसनें घेतलें.

दुसरें उदाहरण आमच्या जुन्या प्रांतबंधूंचें. वऱ्हाड १९०३ मध्यें मध्यप्रांताच्या कारभाराखालीं गेला, तेव्हांपासून १९५६ पर्यंत आपण आणि छत्तीसगड एकाच प्रांतांत होतों. त्या छत्तीसगडांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत परशुराम नांवाच्या पुरुषानें रामनामी पंथ स्थापिला. देवळाचें दार ज्यांना बंद होतें त्या अस्पृश्य मानलेल्या माणसांनीं रामाचें नांव आपल्या कातडीवरच गोंदविलें. कोणी कपाळावर, कोणी छातीवर, कोणी नखशिखान्त. मूर्तीपाशीं जाऊं न देणाऱ्यांना शरीरावरचें नांव पुसतां येईना. त्यांच्या गळ्यावर 'राम राम' हीं अक्षरें दिसतात तेव्हां तेथें शोभेचा प्रश्नच उरत नाहीं.

तिसरें उदाहरण ईशान्येकडील कोन्याक नागांचें. तेथें शत्रूचें शिर आणणाऱ्या वीराच्या चेहऱ्यावर आणि छाती-गळ्यावर नक्षी गोंदीत. ती मागून मिळत नसे, पराक्रमाअंतीं मिळे. शिरें आणण्याची चाल विसाव्या शतकांत बंद झाली. आतां त्या नक्षीचे थोडेच वृद्ध उरले आहेत, आणि ती घेण्याचा नवा अधिकार कोणास नाहीं.

राज्यानें लादलेली, अपमानास उत्तर म्हणून घेतलेली, आणि कृत्यानें मिळविलेली, अशा या तीन खुणा. चौथी, केवळ आवडीची खूण, पश्चिमेंतून आली. कॅप्टन कुक १७६९ मध्यें ताहिती बेटास पोंचला. तेथील 'टाटाऊ' या शब्दावरूनच इंग्रजी 'टॅटू' झाला. खलाशांनीं ही हौस बंदरोबंदरीं नेली, आणि १८९१ मध्यें न्यूयॉर्कच्या ओरायली यानें विजेच्या यंत्राचें पेटंट घेतल्यावर ती स्वस्त झाली. तरीहि तेथील जुने कारागीर कोऱ्या अंगाच्या पोराच्या गळ्यावर व पंजावर सुई चालविण्यास नकार देत. हात भरले, पाठ भरली, आयुष्याची दिशा ठरली, मगच गळा, हा त्यांचा अलिखित दंडक. त्यांत व्यवहारहि होता. कंठावरची कातडी पातळ. प्रत्येक घोटासरशीं ती हलते. रोज वस्तरा फिरतो. वयाबरोबर ती सैल पडते. बारीक रेघा आणि लहान अक्षरें तेथें पसरतात. काढावयाचेंच तर मोठ्या, मोकळ्या रेघांचें आणि मधल्या रेषेच्या दोहों अंगांस सारखें बसणारें काढावें, हें शहाणपण त्यांतूनच आलेलें आहे.

आतां त्या चार चित्रांकडे वळूं. राजमुद्रेचीं अक्षरें बारीक. कंठावर तीं दहा वर्षांत वाचतां येणार नाहींत. पण आमची हरकत निराळी आहे. ही मुद्रा ज्या जुन्या पत्रांवर आढळते त्यांतील एक जानेवारी १६४६ चें, रांझे गांवच्या पाटलाच्या प्रकरणाचें. पाटलानें बदअमल केला म्हणून महाराजांनीं त्याचे हातपाय तोडविले, त्याची तें पत्र साक्ष आहे. मुद्रा म्हणजे खालच्या मजकुराची जबाबदारी. ती गळ्यावर काढली तर त्या गळ्यांतून निघणारा प्रत्येक शब्द तिच्या शिक्क्याखालीं येणार. एवढी हमी विसाव्या वर्षीं कोण देऊं शकतो?

पाकोळी ही खलाशांची. दूर गेलेला परत घरीं येवो, हा तिचा अर्थ ते मानीत. वाईट नाहीं, पण पूर्णेच्या कांठच्या मुलाची ती उसनी. त्रिशूळ मात्र आम्हांस थेट सिंदखेडराजास घेऊन गेला. जिजाऊंच्या जन्मानें पावन झालेल्या त्या गांवीं नीळकंठेश्वराचें पुरातन देऊळ आहे. पुरुषाच्या कंठावर समोर कायमची खूण असलेला आपल्या पुराणांतला देव हाच. पण ती निळाई त्यानें निवडली नव्हती. हलाहल दुसऱ्या कोणास घेववेना, तें त्यानें घेतलें आणि कंठींच थांबविलें. डाग मागून उमटला. कंठावरची खूण ही आधीं ठरवावयाची नक्षी नसून घडलेल्या गोष्टीची पावती असते, हें नागांस कळलें होतें, आणि आमच्या पुराणकारांसहि.

आठ दिवसांनीं मुलगा आला तेव्हां हें सारें सांगण्याआधीं आम्हीं त्याच्यापुढें सैन्यभरतीचा नियम ठेविला. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताची आंतली बाजू आणि पंजाची मागली बाजू एवढ्याच जागीं कायमचें गोंदण चालतें. इतरत्र असल्यास उमेदवार बाद होतो. परंपरेनें गोंदणाऱ्या आदिवासी जमातींस मात्र प्रत्येक प्रकरण पाहून सवलत मिळते. म्हणजे त्याच गांवच्या कोरकू मुलाचें गोंदण चालीचें ठरूं शकेल, आणि याचें मात्र हौसेचें. बिचारा दोन वर्षें धांवत होता, आणि एका दुपारीं तें सारें घालवून बसला असता. त्याचा चेहरा उतरला.

थोड्या वेळानें तो म्हणाला, "सर, मीं आजीला विचारलें होतें, तुझें गोंदण कोणी निवडलें म्हणून." आजीचें उत्तर त्यानें तिच्याच बोलींत सांगितलें: "मले कोनं इचारलं? धरून बसवलं."

या पांच शब्दांपुढें आमचें आठ दिवसांचें वाचन फिकें पडलें. आमच्या मातोश्रींसहि कोणी विचारलें नसेल, आणि आम्हीं तर तिला कधींच विचारलें नाहीं. ज्या घरांत दोन पिढ्यांमागें मुलीस धरून बसवीत, त्याच घरांतला हा नातू चार चित्रें हातांत घेऊन कोणतें घेऊं म्हणून विचारतो. निवडण्याचा हा हक्क मोठा आहे, आणि 'आज नको' म्हणण्याचा हक्कहि त्यांतच येतो.

मुलानें मोबाइल खिशांत घातला. उठतांना त्यानें डाव्या हाताची आंतली बाजू आमच्यापुढें धरली आणि 'आई' हीं अक्षरें येथें केवढीं बसतील, तें बोटानें मोजून दाखविलें. आम्हीं सांगितलें, "ठळक काढ. आणि आधीं आईला विचार."