टेपचं गोत्र

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडची जुनी कॅसेट कधी हाती आलीच, तर ती लावण्याआधी डबीतला दुमडलेला कागद वाचावा. बारीक अक्षरात गाव, सभागृह, तारीख. मग गाण्यांची क्रमवार यादी. एका गाण्यातून न थांबता दुसऱ्यात शिरले असतील, तर दोन नावांच्या मध्ये एक बाण. आणि कोपऱ्यात, स्थळाच्या माहितीत गोत्र लिहितात तशी एक नोंद: साउंडबोर्ड, दुसरी पिढी.

ही पिढी नकलेची. मैफलीत जी फीत फिरली ती मास्टर, म्हणजे कुळातला मूळ पुरुष. तिच्यावरून उतरवलेली पहिली पिढी, त्या नकलेची नक्कल दुसरी. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये असं आपण म्हणतो. डेडच्या चाहत्यांनी टेपच्या बाबतीत नेमकं तेच विचारायचा रिवाज पाडला, आणि पन्नास वर्षं तो इतक्या कसोशीने पाळला की भाटांनी लाजावं.

चालू कार्यक्रम गुपचूप टिपून ठेवण्याची हौस मात्र रॉकच्या जन्माआधीची आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात लायनेल मेपलसन नावाचे ग्रंथपाल होते. नोटेशनची बाडं सांभाळणं हे त्यांचं काम. १९०० साली त्यांनी एडिसनचा फोनोग्राफ घेतला आणि प्रयोग चालू असतानाच मेणाच्या नळकांड्यांवर गाणं उतरवायला सुरुवात केली. आधी प्रॉम्प्टरच्या खोपटात बसून, मग रंगमंचाच्या वरच्या अरुंद पुलावरून. एका नळकांड्यावर जेमतेम दोन मिनिटं मावत. ऐकायला बसलं तर आधी खरखर, मग लांब कुठेतरी विहिरीत कुणी गात असावं असा आवाज, आणि शेवटी टाळ्या. तरीही जाँ द रेश्के हा त्या काळचा नामांकित टेनर आज ऐकता येतो तो याच नळकांड्यांमुळे. ती आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत.

पुढे असल्या मालाला नाव पडलं बूटलेग. शब्द मूळचा दारूचा. बुटाच्या लांब नळीत चपटी बाटली खोचून ती चोरून विकणारा तो बूटलेगर. म्हणजे गोत्र आपल्या हातभट्टीचं. हा शब्द रॉकच्या दुनियेत घरोघरी पोचला तो १९६९ साली. त्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या दुकानांत बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची एक तबकडी-जोडी आली. वेष्टन कोरं पांढरं. ना गायकाचं नाव, ना कंपनीचं. गिऱ्हाइकांनी तिला ‘ग्रेट व्हाइट वंडर’ म्हणायला सुरुवात केली. वर्ष संपायच्या आत रोलिंग स्टोन्सच्या ओकलंडच्या कार्यक्रमाचीही अशीच चोरटी तबकडी निघाली, आणि धंदा सुरू झाला.

चोरीचा माल आपलं मूळ लपवतो. बूटलेगवर कंपनीचं नाव खोटं, तारीख बरेचदा चुकीची, गावही भलतंच. विकणाऱ्याला कूळ सांगणं परवडत नाही. कूळ सांगायला टेप विकत नव्हे, हातोहात मिळावी लागते.

कलाकारांच्या बाजूने या चोरीबद्दल किती राग होता, याचा एक मासला. लेड झेपेलिन या रॉक बँडचे व्यवस्थापक पीटर ग्रँट म्हणजे देहाने आणि स्वभावाने दांडगा माणूस. १९७१ मध्ये व्हँकुव्हरच्या कार्यक्रमात यंत्र घेऊन उभा असलेला एकजण त्यांच्या नजरेस पडला. ग्रँटनी ते यंत्र मोडून टाकलं. नंतर कळलं की तो बिचारा आवाजाची पातळी मोजायला आलेला सरकारी माणूस होता! अशा पहाऱ्यातून यंत्र आत न्यायला डोकं लागे. लॉस एंजेलिसच्या परिसरातले माइक मिलर्ड धडधाकट असून चाकाच्या खुर्चीत बसून येत. नाकामिची ५५० हे बोजड यंत्र त्या खुर्चीत दडवलेलं असे. २१ जून १९७७ रोजी फोरम सभागृहात त्यांनी टिपलेली झेपेलिनची मैफल आजही नमुना म्हणून दाखवली जाते. मिलर्डना विक्रीची चीड होती. कुणाला दिलेली प्रत फुटून बूटलेगवाल्याकडे गेली तर ओळखता यावी म्हणून ते प्रत्येक नकलेत काहीतरी खूण करून ठेवत, असं सांगतात. गोत्राचा शिक्का हा असाही मारता येतो.

डेडचं घराणं या सगळ्यांहून निराळं. हा बँड १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात जमला आणि १९९५ मध्ये गिटारवादक जेरी गार्सियांच्या मृत्यूने थांबला. या तीस वर्षांत तेवीसशेच्या आसपास कार्यक्रम झाले, आणि त्यांतले बहुतेक कुणी ना कुणी टिपून ठेवले. का, हे ख्याल ऐकणाऱ्याला समजावून सांगायला नको. काल ऐकलेला यमन आज तोच नसतो. डेडचंही तसंच. आज काय वाजणार ते आधी ठरलेलं नसे, आणि एकच गाणं एका रात्री सात मिनिटांत आटपे, तर दुसऱ्या रात्री पंचवीस मिनिटं भटकून भलत्याच गाण्यात जाऊन पडे. त्यांच्या स्टुडिओतल्या तबकड्या तुलनेने बेताच्याच, हे चाहतेही कबूल करतात. खरा ऐवज मैफलीत होता, आणि तो दुकानात मिळत नव्हता.

त्यामुळे लोक यंत्रं घेऊन येऊ लागले. १९७१ मध्ये ब्रुकलिनमधल्या लेस किपल या चाहत्याने टेपची फुकट अदलाबदल करणारी मंडळी जमवली. त्यातूनच १९७४ मध्ये ‘डेड रेलिक्स’ हे पत्रक निघालं, ते पुढे ‘रेलिक्स’ या नावाने संगीताचं मासिक झालं. नियम एकच: पैसा घ्यायचा नाही. टेपच्या बदल्यात टेप द्यायची. ज्याच्याकडे द्यायला काही नाही अशा नवख्याने कोरी कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, पलीकडचा माणूस भरून पाठवणार. मॅक्सेलची नव्वद मिनिटांची कॅसेट हे या व्यवहाराचं नाणं. जास्त माणसं असली की ‘झाड’ लावत. मास्टरवाला बुंधा, त्याच्याकडून नकला घेणाऱ्या फांद्या, त्यांच्याकडून घेणारी पानं. आपण वंशवृक्ष काढतो तो मेलेल्या माणसांचा. हा आधी कागदावर काढायचा आणि मग त्याबरहुकूम टेपा जन्माला घालायच्या.

पिढी मोजायचं कारण कुळाभिमान नव्हे, भौतिकशास्त्र. चुंबकीय फितीला स्वतःची एक सळसळ असते. नक्कल करताना जुन्या फितीची सळसळ नव्या फितीवर उतरते आणि तिच्यात नव्या फितीची स्वतःची मिळते. सुराचा वरचा, चमकदार भाग दर खेपेला थोडा झिजतो. दोन यंत्रांचा वेग सारखा नसेल तर पट्टी सरकते. पाचव्या-सहाव्या पिढीत झांजा पावसात भिजल्यासारख्या लागतात आणि गार्सियांची गिटार चादरीआडून येते. म्हणून ‘कितवी पिढी?’ हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मातुल कुळाचा: साउंडबोर्डची की श्रोत्यांतली? साउंडबोर्डची टेप थेट ध्वनियंत्रणेतून आलेली. स्वच्छ पण जरा कोरडी. श्रोत्यांतली टेप मायक्रोफोनने हवेतून पकडलेली. तिच्यात शेजारच्याची शिट्टी, सभागृहाची गुंज, एखादा सुराबाहेर गाणारा उत्साही भिडू. जाणत्यांमध्ये याच्यावरून अजून दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर मैफल श्रोत्यांतल्या टेपमध्येच असते, पण अल्पमतात राहायची माझी तयारी आहे.

बँडने याला आडकाठी केली नाही. आमचं वाजवून झालं, आता ते तुमचं, असा गार्सियांचा एकूण सूर. अडचण वेगळीच झाली. ध्वनिनियंत्रकासमोर मायक्रोफोनच्या उंच काठ्यांचं रानच उभं राहू लागलं आणि त्याला रंगमंच दिसेना. तोडगा म्हणून ऑक्टोबर १९८४ मध्ये, बर्कलीच्या कार्यक्रमांपासून, ध्वनिनियंत्रकाच्या मागे टेपवाल्यांसाठी वेगळी जागा आखून दिली गेली. तिचं तिकीटही वेगळं. दुसरीकडे यंत्रं फोडली जात होती, इथे त्यांना राखीव आसन मिळालं.

खुद्द बँडच्या दप्तराची कथा याहून नाट्यमय. त्यांचे सुरुवातीचे ध्वनितज्ज्ञ आउजली स्टॅन्ली, टोपणनाव ‘बेअर’. एलएसडी बनवणारा रसायनी म्हणून हा माणूस जास्त गाजला. आपण लावलेला आवाज सभागृहात कसा गेला हे दुसऱ्या दिवशी तपासता यावं म्हणून ते प्रत्येक कार्यक्रम टेप करत. विकायचा विचार नव्हता. ती त्यांची रोजनिशी होती. ज्याचं त्यांनी ध्वनिसंयोजन केलं त्या प्रत्येकाची नोंद तीत आपोआप झाली. म्हणूनच २९ मे १९७० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या फॅमिली डॉग या रॉकच्या ठिकाणी झालेली अली अकबर खाँसाहेबांची मैफलही त्यांच्या रिळांत सापडते. सतारीवर इंद्रनील भट्टाचार्य, आणि तबल्यावर माहीमचा एकोणीस वर्षांचा मुलगा, झाकीर हुसेन. पन्नास वर्षांनी, २०२० साली, ती प्रसिद्ध झाली. सरोद आणि रॉक एकाच माणसाच्या कपाटात निघावेत याचं तिथल्या मंडळींना फारसं नवल वाटलं नसावं. डेडचे तालवादक मिकी हार्ट आणि झाकीरभाई यांचं पुढे आयुष्यभराचं मैत्र जमलं.

बेअरनंतरच्या पिढीत बेटी कँटर-जॅक्सन. सत्तरच्या दशकात त्यांनी नाग्रा यंत्रावर केलेली दोन ट्रॅकची मुद्रणं आजही कानाचं पारणं फेडतात. पुढे बँडशी संबंध सुटला, दिवस फिरले, आणि सामान ठेवलेल्या भाड्याच्या गाळ्याचं भाडं थकलं. १९८६ मध्ये त्या गाळ्याचा लिलाव झाला. शेकडो रिळं, ज्यांची किंमत घेणाऱ्यांतल्या काहींना धड ठाऊकही नव्हती, वेगवेगळ्या हातांत गेली. त्यातली बरीच चाहत्यांपर्यंत पोचली, त्यांनी ती उतरवून घेतली आणि झाडांवरून सोडून दिली. त्यांना ‘बेटी बोर्ड्‌स’ म्हणतात. टेपवाल्यांमध्ये हे नाव पैठणीसारखं उच्चारलं जातं.

या रिळांत एक होतं ८ मे १९७७ चं. न्यूयॉर्क राज्यातलं इथाका गाव, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. कवायतीसाठी बांधलेली ती प्रचंड वास्तू. त्या रविवारी मे महिन्यात बाहेर बर्फ पडला. या मैफलीच्या श्रोत्यांतल्या टेपा आधीपासून फिरत होत्याच. बेटींची प्रत आल्यावर ही डेडची सर्वोत्तम मैफल, असं जवळजवळ ठरूनच गेलं. ते खरं की खोटं यावर वाद घालणं हा डेडभक्तांचा नित्य कुळाचार आहे. त्याच महिन्यातल्या इतर दोन-तीन रात्री सरस होत्या म्हणणारे भरपूर भेटतील. मला वाटतं, कॉर्नेलच्या कीर्तीत वाजवण्याइतकाच वाटा त्या टेपच्या कमी पिढ्यांचा आहे. जास्तीत जास्त लोकांनी जी मैफल सर्वांत स्वच्छ ऐकली, ती सर्वोत्तम ठरली.

बँडने स्वतःची जुनी रिळं पद्धतशीर बाहेर काढली ती डिक लॅटव्हाला यांच्यामुळे. मूळचा हा एक टेपवेडा चाहता. टपालाने टेपा जमवता जमवता बँडच्या तिजोरीचा राखणदार झाला. १९९३ पासून ‘डिक्स पिक्स’ ही मालिका निघाली, आणि तिच्या वेष्टनावर ग्राहकाला आधीच सावध केलेलं असे की हे जुन्या फितीवरून घेतलं आहे, दोष राहणारच. पण त्या तिजोरीत कॉर्नेलचं मूळ रीळ नव्हतं! अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या निवडीत ही मैफल राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत घेतली, तेव्हाही ते बँडकडे नव्हतं. लिलावात विखुरलेली रिळं परत आली तेव्हा कुठे मे २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी, कॉर्नेल अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. तोवर चाहत्यांच्या दोन पिढ्यांना ती तोंडपाठ होती. आणि या पिढ्या खऱ्या आईबापांच्या, नकलेच्या नव्हेत.

डिजिटल टेप आली तेव्हा पिढी मोजायची गरज खरं तर संपली. शून्य आणि एकची नक्कल झिजत नाही. रिवाज मात्र उलट कडक झाला. आता प्रत्येक मैफलीच्या फायलींसोबत एक मजकुराची फाइल येते. तिच्यात मायक्रोफोन कुठला, काठी किती उंच, यंत्र कोणतं, कॅसेटवरून डिजिटल कुणी केलं, कोणत्या सालात, मधला अर्ध्या मिनिटाचा तुटलेला तुकडा कुणाच्या टेपवरून जोडला, हे सगळं ओळीने. एमपी३ हा या कुळातला बट्टा. त्यात आवाजाचा काही भाग कायमचा गळतो, म्हणून त्यावरून पुन्हा बनवलेली प्रत जातीबाहेर.

आपल्याकडे खासगी मैफलींच्या टेपा कमी नाहीत. पुण्या-मुंबईत, गोव्यात, धारवाडात कितीतरी घरांत स्पूल आणि कॅसेटी आहेत. बैठकीत गादीच्या कडेला ठेवलेला रेकॉर्डर, त्याकडे बुवांनी टाकलेला एक तिरका कटाक्ष, हे अनेकांनी पाहिलं असेल. या टेपांनी किती गाणं वाचवलं! पण डबीवर काय असतं? ‘बुवा. मारवा. छान.’ मारवा कुठला, कोणत्या साली, कुणाच्या दिवाणखान्यात, तबल्याला कोण, आणि ही प्रत कुणाकडून आली, याचा पत्ता नाही. आता त्या फिरतात भ्रमणध्वनीवरून, बेवारस. एकच तोडी तीन निरनिराळ्या तारखांनी हाती येते.

तुमच्या माळ्यावर असा खोका असेल, तर फिती डिजिटल करायला देण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या श्रोत्याशेजारी बसा आणि एकेका डबीवर लिहून घ्या: कुठली, कधीची, साथीला कोण, कुणाकडून आली, कितवी पिढी. पेन्सिलीने लिहा, शाई पसरते.