अंगठ्याखालचा कोल्हा

मधलं बोट आणि अनामिका दुमडून अंगठ्याखाली दाबली, तर्जनी आणि करंगळी उभी ठेवली, की झाली हेवी मेटल संगीतवाल्यांची शिंगं. तीच दोन बोटं न दुमडता पुढे लांबवून अंगठ्याच्या टोकाला टेकवली, की होतो कोल्हा. वर दोन कान, पुढे निमुळतं तोंड. भिंतीवर हाताच्या सावल्या पाडणाऱ्या जपानी पोरांचा हा जुना गडी.

तो मेटलमध्ये शिरला 'बेबीमेटल'बरोबर. 'साकुरा गाकुइन' या शाळकरी मुलींच्या गायनसंचातून 2010 साली हा उपसंच निघाला. निर्माता कोबामेटल मेटलवेडा. अकरा-बारा वर्षांच्या तिघी मुलींना मात्र मेटल म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. सांगतात ते असं, की त्याने शिंगं करून दाखवली आणि मुलींना त्यात कोल्हा दिसला. चूक सुधारायची सोडून त्याने तिचं देवस्थानच उभं केलं: हा संच म्हणे कोल्हादेवाच्या आज्ञेने चालतो. भाताचा देव इनारी, त्याचे दूत कोल्हे; त्याच्या देवळांपुढे दगडी कोल्हे राखणीला बसलेले असतात. शिवाय जपानी कोल्हा रूप पालटून माणसांना चकवतो. मेटलचं सोंग घेतल्याचा आरोप ज्यांच्यावर होणार होता, त्यांना याहून चपखल दैवत कुठलं मिळणार?

आरोप झालेच. 2014 मध्ये 'गिमी चॉकलेट'चा व्हिडिओ जगभर फिरला, जुलैत इंग्लंडच्या सोनिस्फिअर महोत्सवात या मुली मुख्य मंचावर उभ्या राहिल्या, आणि कट्टर मंडळी खवळली. त्यांच्यात जाती दोनच, 'ट्रू' म्हणजे अस्सल आणि 'पोझर' म्हणजे सोंगाडे. कंपनीने जुळवलेला संच, झालरीचे घागरे, चॉकलेटवरचं गाणं, हे कसलं मेटल? सुरुवातीच्या कार्यक्रमांत मागे सांगाड्यांचे कपडे घातलेले लोक वाजवण्याचा नुसता अभिनय करत; ती तक्रार मला रास्त वाटते. पुढे खरे वादक आले, पांढऱ्या वेषातले आणि भलतेच तयारीचे. 2016 मध्ये तर 'जुडास प्रीस्ट' या नावाजलेल्या मेटल बँडचा गायक रॉब हॅल्फर्ड त्यांच्यासोबत गायला.

पण ज्या शिंगांच्या सोवळ्यासाठी एवढी ओरड, त्यांचं कूळ तरी काय? गायक रॉनी जेम्स डिओ 1979 मध्ये 'ब्लॅक सॅबथ' या मेटल बँडमध्ये आला आणि ही खूण घरोघरी पोचली. तो ती शिकला आपल्या इटालियन आजीकडून. म्हातारी दृष्ट लागू नये म्हणून बोटं तशी करायची. म्हणजे सैतानाचं म्हणून मिरवलेलं हे चिन्ह एका आजीचा तोडगा! त्याच्याही आधी, 1969 मध्ये, 'कोव्हन' या अमेरिकी बँडच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर ती बोटं आहेत. आपण शोधली असा दावा खुद्द डिओने केला नाही.

तो केला 'किस' या रॉक बँडच्या जीन सिमन्सने. 2017 मध्ये त्याने खुणेच्या मालकीसाठी अमेरिकेत रीतसर अर्ज टाकला आणि चहूकडून हसं झाल्यावर पंधरवड्यात मागे घेतला. अर्जातल्या चित्रात अंगठा बाहेर काढलेला होता. अमेरिकी मूकबधिरांच्या खुणांच्या भाषेत त्या हाताचा अर्थ होतो, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे.'