मिडसाइज सेडान घेताय? आधी मागच्या सीटवर बसून पाहा

गाडी घ्यायची ठरली की घरात दोनच प्रश्न आधी विचारले जातात. किंमत किती आणि मायलेज किती? दोन्ही महत्त्वाचे आहेतच. पण १० ते २० लाखांच्या टप्प्यातली फॅमिली सेडान पुढची आठ-दहा वर्षे आई-वडील, मुले आणि सामान घेऊन धावणार असते. त्यामुळे तिची परीक्षा ड्रायव्हरच्या सीटइतकीच मागच्या सीटवरूनही घ्यायला हवी.

मिडसाइज सेडान म्हणजे नेमकी कोणती?

होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस ही या गटातली ठळक नावे. यापैकी स्लाव्हिया आणि व्हर्टस पुण्याजवळ चाकणला तयार होतात. मारुती सियाझचे उत्पादन २०२५ मध्ये थांबले. या गाड्यांची लांबी साधारण साडेचार मीटर असते. डिझायर, अमेझ यांसारख्या कॉम्पॅक्ट सेडान चार मीटरच्या आत बसवलेल्या असतात.

हा फरक कराचाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यापेक्षा मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. स्लाव्हियाचे एक इंजिन फक्त ९९९ सीसीचे आहे, पण लांबी जास्त असल्याने तिच्यावर ४० टक्केच कर बसतो. म्हणजे मिडसाइज गाडी घेणारा जास्तीच्या जागेसाठी जास्तीचा करही भरतो. ती जागा खरोखर वापरली जाणार असेल, तरच हा सौदा परवडतो.

जागा कशी तपासायची?

पुढची सीट घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या सोयीने मागे सरकवा आणि मग मागे बसा. गुडघे टेकतात का? डोके छताला लागते का? मागे मधोमध तिसऱ्या माणसाला बसवून पाहा. बऱ्याच गाड्यांत तिथे पायाशी उंचवटा असतो आणि दोनशे किलोमीटरनंतर तो जाणवतोच.

सेडानची सीट एसयूव्हीपेक्षा खाली असते. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना वाकून बसणे आणि उठणे जड जाते. म्हणून टेस्ट ड्राइव्हला त्यांनाही सोबत न्यावे.

डिकी ही मात्र सेडानची जमेची बाजू. सिटीत ५०६, स्लाव्हिया आणि व्हर्टसमध्ये ५२१, तर व्हर्नात ५२८ लिटर जागा मिळते. बाहेरून सीएनजी किट बसवले, तर यातली बरीच जागा सिलिंडर खातो.

फक्त स्टार मोजू नका

ग्लोबल एनकॅपच्या २०२३ मधल्या चाचण्यांत स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना या तिन्ही गाड्यांना पाच स्टार मिळाले. पण अहवाल उघडल्यावर फरक दिसतो. स्लाव्हिया आणि व्हर्टसचा सांगाडा 'स्थिर' ठरला, तर व्हर्नाचा 'अस्थिर'. म्हणून स्टारच्या पुढे जाऊन अहवालही वाचावा.

मागच्या सीटचा बेल्ट हा मुद्दा तर टाळताच येणार नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. त्यामुळे मागच्या तिन्ही जागांना खांद्यावरून येणारा बेल्ट आणि हेडरेस्ट आहे का, चाइल्ड सीटसाठी आयसोफिक्स आहे का, हे तुम्ही घेणार असलेल्या व्हेरियंटमध्येच तपासा.

मायलेजचा आकडा कसा वाचायचा?

सिटीच्या मॅन्युअल पेट्रोल गाडीचे जाहीर मायलेज लिटरला १७.८ किलोमीटर आहे. असे आकडे प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरावीक वेगांच्या चक्रात काढले जातात. त्यात ट्रॅफिक नसतो, घाट नसतो.

समजा, गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर धावते. लिटरला १८ किलोमीटर मिळाले तर सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागेल. शहरात १२ मिळाले तर १,००० लिटर. पेट्रोल १०० रुपये धरले, तर वर्षाला सुमारे ३३,००० रुपयांचा फरक पडतो. म्हणून तीच गाडी, तेच इंजिन आणि तोच गिअरबॉक्स वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाला शहरातले मायलेज विचारावे.

खरी किंमत कोणती?

जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स लागतो. त्यावर विमा आणि नोंदणी. म्हणून तुलना करताना ऑन-रोड कोटेशनच घ्या आणि त्यातल्या अॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी या ओळी वेगळ्या काढा. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते, तेव्हा बाहेरचा दरही विचारा.

टेस्ट ड्राइव्हला काय कराल?

- घरचे चार-पाच जण बसवून एसी सुरू ठेवा.
- रोजच्या वाटेवरचा खराब रस्ता आणि मोठा स्पीडब्रेकर घ्या. स्लाव्हियाचा १७९ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा आहे. माणसे बसली की तो कमी होतो.
- चढावर थांबून पुन्हा गाडी उचला.
- सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून दारे पूर्ण उघडतात का ते पाहा.
- परतताना निम्मे अंतर स्वतः मागे बसा.