लिनक्सवर ब्लूटूथ हेडफोन कसे जोडायचे? कॉल सुरू होताच आवाज का बिघडतो?

लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स आहे. हेडफोन जोडलेत, गाणी झकास वाजतायत. तेवढ्यात ऑनलाइन मुलाखतीचा कॉल सुरू होतो आणि समोरच्याचा आवाज जुन्या लँडलाइनवरून आल्यासारखा ऐकू येतो. हेडफोन खराब निघाले असं वाटतं, पण बहुतेक वेळा दोष त्यांचा नसतो.

आधी जोडणी

हेडफोन पेअरिंग मोडमध्ये न्या. बऱ्याच हेडफोनवर पॉवर बटण काही सेकंद दाबून धरलं की लाइट लुकलुकू लागतो. मग उबुंटूच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'ब्लूटूथ' सुरू करा आणि यादीतल्या हेडफोनच्या नावावर क्लिक करा.

नाव दिसत नसेल, तर हेडफोन आधीच मोबाइलला जोडले गेले असतील. मोबाइलचं ब्लूटूथ बंद करून पुन्हा प्रयत्न करा. जोडणी होऊनही आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधून येत असेल, तर 'सेटिंग्ज'मधल्या 'साउंड'मध्ये जाऊन आउटपुट म्हणून हेडफोन निवडा.

कॉलमध्ये काय होतं?

ब्लूटूथ हेडफोन दोन पद्धतींनी काम करतात. त्यांना 'प्रोफाइल' म्हणतात. 'एटूडीपी' प्रोफाइल गाण्यांसाठी असतं. त्यात आवाज चांगला असतो, पण तो फक्त लॅपटॉपकडून हेडफोनकडे जातो. माइक चालत नाही.

हेडफोनचा माइक वापरायचा तर 'एचएफपी' किंवा 'एचएसपी' हे कॉलचं प्रोफाइल लागतं. आवाज दोन्हीकडे जातो, पण दर्जा घसरतो. गाण्यांसाठी आवाजाचे सेकंदाला साधारण 44,100 नमुने घेतले जातात, तर कॉलमध्ये सहसा 8,000 किंवा 16,000. विंडोजवरही हाच अनुभव येऊ शकतो.

उपाय काय?

'साउंड'मध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, आउटपुट हेडफोनच ठेवा. कॉलच्या अ‍ॅपमध्येही माइक तोच आहे ना, हे पाहा. तरी फरक पडला नाही, तर आउटपुटखालच्या 'कॉन्फिगरेशन'मध्ये 'हाय फिडेलिटी प्लेबॅक' निवडा. मात्र आजूबाजूला गोंगाट असेल, तर लॅपटॉपचा माइक तोही टिपेल. अशा वेळी हेडफोनचाच माइक ठेवलेला बरा.

एकाच लॅपटॉपवर विंडोजही आहे?

पेअरिंग करताना एक गुप्त की तयार होते. लॅपटॉपचा ब्लूटूथ पत्ता दोन्हीकडे एकच असतो, पण की वेगळी. त्यामुळे विंडोजवर पेअर केलेले हेडफोन लिनक्सवर जोडायला नकार देऊ शकतात. लिनक्सच्या यादीतून ते काढून टाका आणि नव्याने पेअर करा. मात्र नंतर विंडोजवरही हेच करावं लागेल.

महत्त्वाचा कॉल असेल, तर आदल्या दिवशीच मित्राला एक कॉल लावून आवाज तपासून घ्या.