परागंदा झालेल्यांचा माग : वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे आणि हरवलेले पूर्वज

१/
जुन्या कुलवृत्तांतांत एखाद्या नावापुढे जन्मसाल असते, वडिलांचे नाव असते आणि पुढे एकच शब्द असतो : ‘परागंदा’. विवाह नाही, संतती नाही, मृत्यूची तिथी नाही. यांपैकी काही माणसे तीर्थयात्रेत वारली, काही पलटणीत गेली. काहींची पुढची नोंद मात्र घरच्या कागदांत नसून सरकारी वेड्यांच्या इस्पितळाच्या दप्तरात आहे.

२/
‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला जागा रिकामी आहे का पाहा’ ही मराठीतली थट्टा खऱ्या संस्थांवर उभी आहे. मुंबईत कुलाब्याचे इस्पितळ १८२६ साली सुरू झाले. रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्यातील नौपाड्याचे १९०१ चे. धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधील हैदराबाद येथील इस्पितळेही त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत. त्यामुळे मराठी माणसाचा शोध आजच्या महाराष्ट्राच्या सीमेवर थांबवता येत नाही.

३/
या दप्तरांचा पाया १८५८ चा. त्या एका वर्षी वेडाविषयी तीन कायदे झाले : ३४ वा, ३५ वा आणि ३६ वा. चौतिसावा मुंबई-कलकत्ता-मद्रासच्या सुप्रीम कोर्टांपुरता होता. पस्तिसावा जिल्ह्यांतील वेड्यांच्या मालमत्तेसाठी आणि छत्तिसावा इस्पितळांसाठी. पूर्वज कोणत्या कायद्याच्या कचाट्यात सापडला, यावर त्याच्यामागे कोणता कागद उरला हे ठरते.

४/
छत्तिसाव्या कायद्याने मोकाट भटकणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे काम पोलिसांवर सोपवले. डॉक्टर तपासणी करून दाखला देई, मॅजिस्ट्रेट हुकूम काढी आणि मग इस्पितळाचे दार उघडे. म्हणजे एका माणसामागे तीन ठिकाणी कागद तयार होत : पोलिसांकडे, कचेरीत आणि इस्पितळात. एका ठिकाणचा नष्ट झाला, तरी दुसरीकडे धागा लागू शकतो.

५/
डॉक्टरी दाखल्याचा नमुना ठरलेला होता आणि त्याचे दोन भाग होते. पहिल्यात डॉक्टरने स्वतः पाहिलेली वेडाची लक्षणे. दुसऱ्यात इतरांनी सांगितलेली लक्षणे, आणि ती कोणी सांगितली त्याचे नाव. वंशावळ शोधणाऱ्याला हा दुसरा भाग अधिक मोलाचा. सांगणारा भाऊ होता, शेजारी होता की पोलीस शिपाई, यावरून त्या माणसामागे कोणी उरले होते की नाही, हे कळते.

६/
नावांची अडचण मोठी आहे. भटकताना सापडलेला माणूस जे सांगेल ते शिपायाने ऐकले आणि कारकुनाने इंग्रजीत उतरवले. आडनाव अनेकदा नसेच. एकच ‘विठोबा’ तीन स्पेलिंगांनी लिहिलेला असू शकतो. म्हणून अशा कागदांत आडनावापेक्षा गाव, जात, अंदाजे वय आणि दाखल झाल्याची तारीख यांच्या जुळणीवर अधिक भर द्यावा लागतो.

७/
पस्तिसाव्या कायद्याचे कागद याहून वेगळे. मालमत्ता असलेली व्यक्ती वेडी असल्याचा अर्ज नातेवाईक दिवाणी कोर्टात करीत. चौकशी होई, आणि वेड शाबीत झाल्यास इस्टेटीची व्यवस्था पाहणारा नेमला जाई. अशा चौकशीत नातेवाइकांची नावे येतात, त्यांचे परस्परांशी नाते येते, घर-जमिनीचा तपशील येतो. वंशावळीसाठी यापेक्षा भरघोस कागद क्वचितच मिळेल.

८/
मात्र हा कागद सावधपणे वाचावा लागतो. अर्ज करणारा चुलता किंवा दीर स्वतःच वारसा सांगणारा असू शकतो. भाऊबंदकीत ‘वेडा’ हा शब्द निदान असतो तसा हत्यारही असतो. त्याच सुमाराचे जमिनीचे आणि वाटणीचे कागद शेजारी ठेवल्याशिवाय हा अर्ज पुरता उलगडत नाही.

९/
वर्णभेद दप्तरातही उतरला. कंपनी सरकारच्या वेड लागलेल्या गोऱ्या नोकरांना विलायतेस परत पाठवत. त्यांच्यासाठी १८१८ पासून लंडनच्या हॅकनी भागात पेम्ब्रोक हाउस होते आणि १८७० ते १८९२ या काळात ईलिंग येथे रॉयल इंडिया असायलम. या रुग्णांचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत. त्याच काळातला कुलाब्याचा एतद्देशीय रुग्ण छापील वार्षिक अहवालात बहुधा केवळ एका आकड्यात मिसळून गेलेला दिसतो.

१०/
हे वार्षिक अहवाल तरीही उपयोगी आहेत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ते इंटरनेटवर खुले केले आहेत. त्यांत धर्म, वय, व्यवसाय, मृत्यू आणि वेडाचे कारण यांचे तक्ते आहेत. रुग्णाचे नाव दुसरीकडून मिळाले, तर त्याच वर्षीचा अहवाल काढून त्या भिंतींआड किती माणसे होती, कोणती कामे करीत होती आणि किती दगावली, हे पाहता येते.

११/
सर्वांत फसवा रकाना कारणाचा. त्यात ‘गांजा’ हे उत्तर वारंवार येते. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने या रकान्याची झडती घेतली. १८९२ साली हिंदुस्थानभरच्या इस्पितळांत दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांचे वेड गांजा-भांग-चरस यांच्या माथी मारलेले होते. रुग्णांच्या गावी चौकशी झाली, नातेवाइकांना विचारले गेले, आणि त्यांतली केवळ ९८ प्रकरणे टिकली.

१२/
उरलेल्यांचे काय? पोलिसांच्या कागदावर कारण लिहिणे आवश्यक होते, आणि ठाऊक नसलेल्या माणसासाठी ‘गांजा’ हे सोयीचे कारण होते. तेच पुढे इस्पितळाच्या नोंदवहीत उतरले आणि तेथून अहवालाच्या तक्त्यात गेले. पणजोबांच्या नावापुढे ‘गांजा’ दिसला, तर त्यावरून त्या नोंदीच्या लेखणीविषयी जितके कळते, तितके पणजोबांविषयी कळत नाही.

१३/
एक रकाना मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतो : बाहेर पडल्याचा. ‘बरा झाला’, ‘मरण पावला’ यांच्या जोडीला ‘मित्रांच्या स्वाधीन केला’ अशा अर्थाची इंग्रजी नोंद तेथे भेटते. त्या काळच्या सरकारी इंग्रजीत ‘फ्रेंड्स’ म्हणजे नातेवाईकही. या इस्पितळांतून माणसे परतही येत. कुटुंबाने कायमचा गेला असे समजलेला माणूस कदाचित दुसऱ्या कुणाचा हात धरून बाहेर पडलेला असतो.

१४/
इंग्लंडमध्ये हा शोध तुलनेने सोपा आहे. १८४६ ते १९१२ या काळातील रुग्णप्रवेशाच्या नोंदवह्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, आणि रुग्णांचे कागद साधारणतः शंभर वर्षांनी खुले होतात. महाराष्ट्रात मुंबईचे पुराभिलेखागार, जिल्हा न्यायालयांची दप्तरे आणि प्रत्यक्ष रुग्णालये अशी वाट धरावी लागते. भारतातील २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. अलीकडचे कागद मागताना ही मर्यादा पाळायलाच हवी.

१५/
तिचे कारण केवळ कायदा नाही. ‘त्यांच्या घराण्यात वेड आहे’ या एका वाक्याने मोडलेली स्थळे मराठी समाजाने पाहिली आहेत. याच भीतीने तर कित्येक नावे कुलवृत्तांतातून गाळली गेली. म्हणून सापडलेली नोंद लिहिताना कागद सांगतो तेवढेच लिहावे. ‘वेडा’ असा शिक्का नको, ‘परागंदा’ असा पडदाही नको. अमुक साली नौपाड्यास दाखल, अमुक तारखेस भावाच्या स्वाधीन. कुलवृत्तांताच्या पुढच्या आवृत्तीत एवढी ओळ आली, तर तो माणूस आपल्या भावंडांच्या रांगेत पुन्हा बसतो.